जिन्याने आलेले व्याही

होणारे व्याही जिन्याने आले, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

लिफ्ट चालू होती. पाहुणे यायचे म्हणून दादाने सकाळी वॉचमनला दोनदा विचारलं होतं, वर स्वतः खालीवर एक फेरी मारून खात्री करून घेतली होती. तरीही व्याही पाच मजले चढून, घामाने निथळत, एका हातात रुमाल आणि दुसऱ्या हातात फुलांचा गुच्छ घेऊन दारात उभे राहिले. मागोमाग त्यांची लेक आली, ती सँडल हातात घेऊन, अनवाणी.

"अहो, लिफ्ट होती की!" वहिनी हळहळल्या.

"मी जिनेच चढतो," व्याही धापा टाकत हसले. "तब्येतीला बरं असतं. हिलाही लहानपणापासून तीच सवय लावली. लिफ्टमध्ये पाय टाकायचा नाही म्हणजे नाही."

"कॉलेजात माझा वर्ग नवव्या मजल्यावर होता," लेक म्हणाली. "दातांची डॉक्टर झाले, पण खरं तर गिर्यारोहक व्हायला हवं होतं."

वहिनी खळखळून हसल्या. वहिनी हसल्या म्हणून दादा हसला. त्या दोघांचा मुलगा टिल्लू तर पोरगी दिसल्यापासून हसतच होता. सहा फूट उंच, मिशा फुटून जमाना झालेला, पण घरात तो अजून टिल्लूच होता आणि आज तो पहिल्यापेक्षाही टिल्लू दिसत होता.

एकटी आत्या तेवढी हसली नाही. तिच्या हातातल्या ट्रेमधले पाण्याचे पेले एकमेकांवर वाजायला लागले.

हे वाक्य तिने आधी ऐकलं होतं. एका बंगल्याच्या रखवालदाराने ते तिला सांगितलं होतं. बंगल्याचा मालक बाडबिस्तरा आवरून परदेशी गेलेला, आणि रखवालदार बिडी विझवत म्हणाला होता, "बाई, साहेबांची लिफ्ट बनवायची एवढी मोठी कंपनी, पण साहेब काही लिफ्टमध्ये पाऊल टाकत नसत. मुलीलाही टाकू देत नसत."

आत्याने ट्रे ठेवला, "आलेच हं," म्हणाली आणि पुढच्या बंद खोलीत शिरली.

ती खोली म्हणजे त्यांचं ऑफिस. कोर्टाचे कागद ज्याचे त्याला नेऊन पोहोचवणं हा या घराचा धंदा. समन्स, नोटिसा, दावे. अण्णांनी, म्हणजे दादाच्या आणि आत्याच्या वडिलांनी, तो सायकलवर सुरू केला. दादाने टेबल सांभाळलं, आत्याने रस्ता सांभाळला. लोकांच्या मागे धावून धावून तिचं लग्न राहिलं असं वहिनी म्हणत. आत्या म्हणे, राहिलं नाही, निसटलं. आणि निसटलेल्यांच्या मागे मी फक्त पगारी जाते. आता टिल्लूही परवाना काढून त्यातच पडला होता. पण पोरीला आणि तिच्या बापाला त्याने सांगितलं होतं, आमची कुरिअर कंपनी आहे. काल त्याने पाना घेऊन दारावरची पाटीसुद्धा उतरवली होती.

कपाटातली जाड फाइल आत्याने ओढली. लिफ्ट कंपनीचा दावा. ब्रेक न तपासता तपासल्याचे दाखले दिले, एक लिफ्ट सात मजले खाली आली, आणि आत एक नृत्यशिक्षिका होती. ती वाचली, पण नाच गेला. कंपनीचे संचालक तीन. दोघांना आत्याने केव्हाच गाठलं होतं. तिसरा परदेशात. तिथे कागद न्यायचा म्हणजे आधी भाषांतर, मग शिक्के, मग त्या देशाचं सरकारी कार्यालय, मग तिथला बेलीफ. एवढं सगळं करून कागद दारात पोहोचला की दाराला कुलूप. इतकी वर्षं हेच. शेवटी न्यायाधीशबाई वैतागल्या. आज संध्याकाळपर्यंत कागद बजावला गेला नाही तर तिसऱ्याचं नाव दाव्यातून कमी करणार होत्या. मग उरलेले दोघं सगळं खापर त्याच्यावर फोडायला मोकळे, आणि तो तर दाव्यातच नाही. नृत्यशिक्षिकेच्या हाती भोपळा. ती दर महिन्याला आत्याला फोन करून विचारायची, "सापडला का हो? नाही, तो मरेल एक दिवस, पण सापडून मरू दे."

फाइलमधल्या फोटोतल्या माणसाला झुपकेदार मिशी आणि डोकंभर केस होते. बाहेर बसलेल्याला दोन्ही नव्हतं, सांगितलेलं नावही वेगळं होतं. पण अण्णांनी आत्याला एक गोष्ट शिकवून ठेवली होती: माणसाचे केस जातात, पोट सुटतं, दात बदलतात, कान मात्र जन्मभर तेच. फोटोतल्या माणसाच्या डाव्या कानाची पाळी चिमटीत धरून ओढल्यासारखी लांब होती. आत्याने दाराच्या फटीतून बाहेर बघितलं. व्याही नेमका तोच कान खाजवत होते.

आत्याने फाइल छातीशी धरली आणि तिला जे झालं ते तिलाही नवीन होतं. तिला हसू फुटलं. तिने तोंडावर फाइल दाबली, तरी खांदे गदगदायला लागले. ज्याच्यापायी तिने तीन देशांच्या बेलिफांशी पत्रव्यवहार केला होता, तो तिच्याच सोफ्यावर बसून तिच्याच वहिनीला सांगत होता, "घर छान ठेवलंय हं."

जेवणाच्या टेबलावर आत्या मुद्दाम त्यांच्या समोर बसली.

"कुरिअर म्हणजे जबाबदारीचं काम," व्याही सूप फुंकत म्हणाले. "लोकांना वाटतं, काय, पाकीट तर द्यायचं."

"तेच ना," आत्या म्हणाली. "घेणारा घरी असला तर काहीच नाही. पण लोक घरी सापडतच नाहीत."

"परदेशातही पोहोचवता?"

"प्रयत्न करतो. पण काही लोक पत्ते फार बदलतात."

"खरंय, खरंय." व्याह्यांनी सहानुभूतीने मान हलवली. "लोकांना शिस्तच नाही."

दादाने सूपमध्ये जोरात ठसका घेतला. त्याला काही कळलं नव्हतं. पण छोटी अशा गोड आवाजात बोलायला लागली की समोरच्याची घटका भरत आली, हे तो लहानपणापासून ओळखून होता. अठ्ठावन्नाव्या वर्षीही आत्या त्याच्या लेखी छोटीच होती.

"तुम्ही काय करता?" आत्याने विचारलं.

"सल्लागार आहे. असंच, सटरफटर."

"आणि राहता कुठे?"

"बाबांचं काही विचारू नका," पोरगी मध्येच म्हणाली. तिच्या ताटातलं काहीच हललं नव्हतं, नुसती चमच्याने बटाटे इकडून तिकडे करत होती. "आम्ही आयुष्यभर फिरतोच आहोत. मी नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी वेगळ्या शाळेत. आधी तळ्याकाठचं घर होतं, मग बेकरीच्या वरचं."

"पिवळ्या दाराचं," आत्याच्या तोंडून निसटलं.

"हो! तुम्हाला कसं माहीत?"

"बेकरीवरच्या घरांची दारं पिवळीच असतात बहुतेक," आत्या म्हणाली आणि तिने पाण्याचा अख्खा पेला एका दमात संपवला. बेलिफाचा अहवाल तिला पाठ होता: पिवळं दार, कुलूप, शेजारी म्हणतात गेल्या आठवड्यातच गेले. तिला पहिल्यांदाच त्या कुलपामागे एक शाळकरी पोरगी दिसली, पुस्तकं खोक्यात भरणारी, आणि तिचं हसू जरा आत गेलं.

"वहिनी, जरा पुडिंगचं बघू या का?" ती उठत म्हणाली. "दादा, तूही ये. टिल्लू, तूही."

"पुडिंगला चौघं?" व्याह्यांनी विचारलं.

"मोठं आहे," आत्या म्हणाली.

स्वयंपाकघराचं दार लागलं, आणि आत्याने जे होतं ते सांगून टाकलं. सांगताना पुन्हा तिला हसू अनावर झालं, त्यामुळे तिला ते दोनदा सांगावं लागलं.

टिल्लू फ्रिजला टेकला. "चूक असेल."

"कान बघून आले मी."

"कानावरून माझं लग्न मोडणार?"

"वन्सं," वहिनी म्हणाल्या. एरवी त्या पोराच्या नात्याने आत्या म्हणत. वन्सं म्हणाल्या की पारा चढलाय असं समजायचं. "तुम्हाला सांगते, या मुलाने आणलेली ही पहिली मुलगी, जिने माझ्याशी बोलताना फोन बाजूला ठेवला. आज नाही. काय वाट्टेल ते होऊ दे, आज नाही!"

"आजच शेवटचा दिवस आहे, वहिनी. उद्या तो दाव्यात नसेल. आणि ती बाई मला फोन करेल, तिला काय सांगू? सापडला होता, पण आम्ही त्याला पुडिंग वाढत होतो?"

हे वहिनींनाही झेपेना. त्यांचा चेहरा रागाने लाल झाला होता, तो तसाच हसायला लागला. "तिसऱ्यांदा सूप मागितलं हो त्याने," त्या म्हणाल्या, आणि दोघी नणंद-भावजया ओट्याला धरून, आवाज दाबून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. दादा काही न कळून दोघींना पाणी देत राहिला.

"पण काही झालं तरी," दादा सावरत म्हणाला, "आपल्या घरात आपण कुणाला कागद देत नाही. अण्णांचा नियम. उंबरठ्याच्या आत आलेला माणूस पाहुणा."

"बरोबर!" वहिनी एकदम सरळ झाल्या. "मग संपलंच."

"उंबरठ्याच्या आत," आत्या म्हणाली. "बाहेर गेला की?"

"बाहेर म्हणजे? जिना आपलाच आहे. दर महिन्याला देखभालीचे पैसे भरते मी. गेटपर्यंत सगळं आपलं."

"मग गेटबाहेर."

"रस्त्यावर देणार? व्याह्याला?" दादा म्हणाला. तो नेहमी शेवटी बोलणाऱ्याच्या बाजूने असे, त्यामुळे आत्ता नेमका कुणाच्या बाजूने आहे हे त्यालाच समजत नव्हतं. "छोटी म्हणते ते कायद्याने बरोबर आहे. ही म्हणते तेही बरोबर आहे."

"दादा, तू पुडिंग धर," आत्या म्हणाली.

टिल्लू अजून फ्रिजपाशीच होता. आत्याने त्याच्याकडे बघितलं. याला तिने बोट धरून चालायला शिकवलं होतं, सायकलवर पुढे बसवून पत्ते शोधायला नेलं होतं. आज ती जे करायला निघाली होती त्याने त्याचं मन मोडणार होतं आणि हे तिला नीट कळत होतं. हसू येत होतं, ते आतून घाबरल्यामुळेही येत असावं.

"मी देईन कागद," ती त्याला हळू म्हणाली. "तुला काही माहीत नव्हतं. सगळं त्या खडूस आत्याने केलं. मुली आत्यांना माफ नाही करत, पण नवऱ्यांना करतात."

"आत्या, प्लीज."

"गेटबाहेर," आत्या म्हणाली आणि फाइलमधलं समन्सचं पाकीट पर्समध्ये घातलं.

मग जे जेवण झालं तसं त्या घरात पुन्हा होणे नाही. वहिनींना पाहुणे उठायला नको होते, आणि आत्याला ते उठायला हवे होते. व्याह्यांनी चमचा खाली ठेवला की वहिनी पुढची वाढणी घालत. वहिनी वळल्या की आत्या म्हणे, "विमानतळाच्या रस्त्याला आज काम चालू आहे म्हणे. लवकर निघालेलं बरं." वहिनी म्हणत, "छे, पूर्ण झालं ते." आत्या म्हणे, "पुन्हा खणलं." दादाने मध्यस्थी म्हणून व्याह्यांना अण्णांची जुनी सायकल दाखवायला गॅलरीत नेलं. तिथे ते दोघं चेनला तेल कुठलं चांगलं यावर असे काही रंगले की दोन्ही बाजूंचा धीर सुटला.

"माणूस वाईट नाही गं," दादा आत येऊन आत्याच्या कानात कुजबुजला. "सायकलीतलं कळतं त्याला."

"लिफ्टमधलंही कळतं," आत्या म्हणाली. "म्हणून तर जिन्याने आला."

शेवटी व्याह्यांनी पोटावर हात ठेवला, उठले आणि म्हणाले, "पोरगी चांगल्या घरी पडतेय. माझी काळजी मिटली." त्यांचे डोळे खरोखरच पाणावले होते. आत्याला त्या क्षणी त्यांचा राग यायला हवा होता. पण तिला वाईट वाटलं, आणि त्याचाच राग आला.

व्याही लिफ्टने जाणार नव्हते, आणि पाहुण्याला एकट्याला जिने उतरू देणं बरं दिसत नव्हतं. मग सगळं बिऱ्हाडच जिना उतरायला लागलं. पुढे व्याही आणि दादा, सायकलीच्या गप्पा करत. मध्ये वहिनी, हातात पुडिंगचा डबा, कारण कुणाला तरी काहीतरी बरोबर द्यायचंच होतं. त्यांच्यामागे आत्या, पर्स काखोटीला मारून. सगळ्यात मागे टिल्लू आणि पोरगी.

तिसऱ्या मजल्याच्या खाली आत्याला मागची पावलं थांबलेली ऐकू आली. तिने वळून बघितलं नाही. पण कान काही बंद करता येत नाहीत.

"ऐक," टिल्लू म्हणत होता. "आमचं कुरिअर नाही."

"म्हणजे?"

"आम्ही कोर्टाचे कागद पोहोचवतो. तुझ्या बाबांचा एक कागद आहे आमच्याकडे. बरीच वर्षं आहे. मला आज दुपारी कळलं, पण आजच द्यायचा आहे. खाली गेल्यावर देणार आहोत. तुला आधी सांगितल्याशिवाय मला खाली उतरता येईना."

आत्याने कठडा घट्ट धरला. मग धप्पकन कुणीतरी पायरीवर बसल्याचं ऐकू आलं, आणि नंतर असा काही आवाज आला की आत्याला वाटलं पोरगी रडायला लागली. ती हसत होती.

"ते लोक," पोरगी म्हणाली. "ते लोक म्हणजे तुम्ही! बाबा यायचे आणि म्हणायचे, ते लोक आले, सामान बांध. मला स्वप्नं पडायची त्यांची. काळे कोट, मोठाले कुत्रे. मी अंधारात बाथरूमला जायची नाही त्यांच्या भीतीने. आणि ते लोक मला म्हणत होते, अजून एक बटाटा घे, बाळ, काहीच खात नाहीस!"

"वहिनी म्हणाल्या ते," आत्याच्याने राहवलं नाही. "मी तुला फक्त पाव वाढला."

पोरीने कठड्यावरून खाली डोकावून बघितलं. तिचे डोळे भरलेले होते आणि तोंड हसत होतं. दोन्ही एकदम, कुठलं खरं ते तिलाही सांगता आलं नसतं. "कागदात काय आहे?"

"ते मी तुला सांगू शकत नाही," आत्या म्हणाली. "तो त्यांच्या नावाचा आहे. पण एक बाई आहे. तिला नाचता येत नाही आता. ती वाट बघतेय."

पोरीचं हसू हळूहळू उतरलं. ती उठली, सँडल पायात चढवल्या आणि टिल्लूच्या पुढे होऊन जिना उतरायला लागली. ती कुणाच्या बाजूने उतरत होती हे आत्याला कळेना.

गेटबाहेर टॅक्सी उभी होती. व्याह्यांनी दादाला मिठी मारली, वहिनींच्या हातातून डबा घेतला. आत्याने पर्स उघडली, तेवढ्यात टिल्लूने तिचा हात धरला.

"मी देतो."

"वेडा आहेस का? ठरलंय ना आपलं?"

"उद्या ती विचारेल, तेव्हा तू कुठे होतास? आत्याच्या मागे लपलो होतो म्हणून सांगू?" त्याने पाकीट काढून घेतलं. आत्याने ते सोडलं. इतकी वर्षं तिने धरून ठेवलेलं पाकीट, आणि सोडताना तिला एवढा अभिमान वाटला की तिला नाक पुसावं लागलं.

टिल्लू पुढे झाला. त्याचे शब्द नेमके होते, आत्यानेच शिकवलेले. त्याने स्वतः कोण ते सांगितलं, कोर्ट कुठलं ते सांगितलं, कंपनीचं नाव घेतलं, आणि विचारलं, "आपण या कंपनीचे संचालक. बरोबर?"

व्याह्यांच्या चेहऱ्यावरचं पाहुणेपण एका झटक्यात उतरलं. त्याखालचा माणूस आत्याने कधीच बघितला नव्हता, पण ती त्याला चांगली ओळखत होती. क्षणभरात त्याने ते पुन्हा चढवलंही.

"काहीतरी गैरसमज होतोय तुमचा," व्याही शांतपणे म्हणाले. दोन्ही हात पुडिंगच्या डब्यावर होते आणि ते त्यांनी काढले नाहीत. "मी तो नाही. माझं तर नावच वेगळं आहे."

"बघा!" वहिनी ओरडल्या. "म्हणतायत ना, ते नाहीत! आता झालं समाधान?"

"फोटो आहे," आत्या म्हणाली.

"दाखवा ना." व्याह्यांनी फोटो बघितला. "या गृहस्थांना केस आहेत. बाई, कुठल्याही कोर्टात हे टिकणार नाही. मला ओळखणारा इथे एक माणूस आणा, जो सांगेल की तो मीच."

ते खरं होतं, आणि आत्याला ते माहीत होतं. कान बघून आले असं अहवालात लिहिता येत नाही. टॅक्सीवाल्याने गाडी सुरू केली. व्याह्यांनी दार उघडलं आणि लेकीला म्हणाले, "चल, बाळ. आपण ते नाही. चल."

पोरगी हलली नाही.

"बाबा, हे तुम्ही बेकरीवाल्या काकांनाही सांगितलं होतंत," ती म्हणाली. "तळ्याकाठच्या शेजाऱ्यांनाही. आपण ते नाही. प्रत्येक शाळेत मला शिकवलंत, विचारलं तर सांग, आपण ते नाही. मी सांगत राहिले. मग आपण कोण आहोत, बाबा? मी लग्न कुणाची मुलगी म्हणून करू?"

"घरी बोलू."

"कुठल्या घरी?"

रस्त्यावरून एक माणूस कुत्रा घेऊन गेला. कुत्रा अगदीच छोटा होता. पोरीने त्याच्याकडे बघितलं, आणि तिच्या ओठाचा कोपरा हलला.

ती पुढे गेली. बापाच्या हातातला डबा काढून तिने टॅक्सीच्या टपावर ठेवला. टिल्लूच्या हातातलं पाकीट घेतलं नाही. फक्त बापाचा मोकळा झालेला हात धरून टिल्लूच्या हाताकडे नेला, लहान मुलाचा नेतात तसा.

"हेच ते," ती म्हणाली. "हे माझे बाबा आहेत."

पाकीट त्यांच्या हातात गेलं. त्यांनी ते टाकून दिलं नाही. पाकिटाकडे बघत ते म्हणाले, "बरेच दिवस चुकवलं," आणि त्यांचे खांदे खाली आले. आत्याला वाटलं, हा माणूस आता पहिल्यांदाच पाच मजले उतरून खाली पोहोचला. ते टॅक्सीत बसले. लेकीने खिडकीतून आत वाकून त्यांच्या गालाला हात लावला, काहीतरी म्हणाली, आणि बाजूला झाली. टॅक्सी गेली. पुडिंगचा डबा टपावरच होता. कोपऱ्यावर तो घसरून रस्त्यात पडला, आणि वहिनींनी "अगं बाई!" म्हणून जी किंकाळी फोडली, तिने सगळ्यांचाच बांध फुटला. दादा गेटला धरून हसला. टिल्लू रस्त्याच्या कडेलाच बसला. पोरगी हसता हसता रडायला लागली आणि रडता रडता पुन्हा हसली. वहिनींनी तिला कवेत घेतलं आणि म्हणाल्या, "ही पोरगी सकाळपासून जेवलेली नाही."

"कुणीतरी सतत बटाटे वाढत होतं," पोरगी नाक ओढत म्हणाली. "भीतीच वाटत होती."

"तुझे बाबा?" टिल्लूने विचारलं.

"आज रात्रीचं विमान सोडतायत. वकील शोधतो म्हणाले." तिने त्याच्याकडे बघितलं. "आणि तू. कुरिअर!"

"तू सल्लागाराची मुलगी."

"त्याचं आपण नंतर बघू. मी अजून काही ठरवलेलं नाही," ती म्हणाली, पण त्याला उठवायला हात मात्र तिनेच पुढे केला.

आत्याने गेटच्या खांबावर अहवालाचा कागद टेकवून पेन काढलं. गरम गरम लिहून टाकायचं ही तिची सवय. कागद कुणी दिला, कुठे दिला, कुणासमोर दिला, सगळं भराभरा झालं. एका रकान्यापाशी तिचा हात थांबला. डोळे पाण्याने भरले होते, अक्षरं दिसत नव्हती.

"ओळख कुणी पटवली, ते लिहायचंय," ती म्हणाली. "नाव लिहिते तुझं. पण पुढे नातंही विचारलंय."

पोरगी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. "मग लिहा ना. मुलगी."

"सून लिहिलं तर?" वहिनींनी मागून हळूच विचारलं.

"वहिनी, कोर्टाचा कागद आहे. जे आहे तेच लिहायचं असतं." आत्याने पोरीकडे बघितलं. "काय गं? एवढंच लिहू?"

पोरीने एक हात आत्याच्या कोपराखालून घातला, दुसऱ्याने डोळे पुसले आणि सगळ्यांना इमारतीकडे वळवत म्हणाली, "एवढंच लिहा, आत्या. बाकीचं कोर्टाला कशाला?"